खेळातलं रिकामं घर

हिम्मतराव बिलोलीकर वकील बोलायला उभे राहिले की समोरच्या वकिलाला आज आपलं जेवण लांबणार हे कळून चुकायचं. कोर्टात ते उर्दू पेरलेली इंग्रजी बोलत, पक्षकारांशी तेलुगू, आणि हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरी पोचले की मराठी. पण भाषा कुठलीही असो, वाक्य कधी लहान नसायचं. चहात साखर कमी आहे एवढं सांगायलासुद्धा त्यांना थोडी प्रस्तावना लागे. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांना उत्तर हवं असायचं, आणि तेही थोडक्यात. त्यामुळे त्या घरात कुरबुरी पुष्कळ झाल्या, पण कंटाळा कुणालाही कधी आला नाही.

रिकाम्या हातानं घरी यायचं नाही हा हिम्मतरावांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. म्हणून कोर्टातून परतताना ते सुलतान बाजारात उतरायचे आणि काहीतरी घ्यायचेच. बहुधा जाम. पेरूला हैदराबादच्या मराठीत जामच म्हणतात, आणि अर्धे कच्चे जाम तिखटमीठ लावून खाणं ही प्रमिलाबाईंची एकुलती एक चैन. दाराशी चप्पल काढायच्या आधीच हाक यायची, "सरकार, आलो." लग्नानंतर वर्षभरात कधीतरी त्यांनी बायकोला थट्टेनं सरकार म्हणायला सुरुवात केली आणि मग ते तसंच राहिलं. प्रमिलाबाई पाहुण्यांसमोर डोळे वटारायच्या, पण एखाद्या दिवशी ती हाक आली नाही तर बाहेर येऊन बघायच्या.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास हिम्मतरावांना अर्धांगाचा झटका आला. पाय काठीच्या आधारानं चालू लागला, उजवा हात लुळाच राहिला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द आत सगळे आहेत, बाहेर यायची वाट तेवढी अडली आहे. सुरुवातीला एखादा शब्द यायचा, कधी जीव खाऊन दोन. पण एकदा कोर्टातली मंडळी भेटायला आली, ह्यांनी "पाणी" म्हटलं, आणि एका तरुण वकिलानं लहान मुलाला म्हणावं तसं "वा सर, शाब्बास" म्हटलं. त्या दिवसापासून हिम्मतरावांनी तोंड मिटलं. वाचा शिकवायला येणारी मुलगी चांगली होती बिचारी, पण ती रंगीत पत्ते घेऊन यायची. मांजर, चेंडू, सफरचंद. हिम्मतराव डाव्या हातानं एकेक पत्ता उलटा करून ठेवायचे.

काही हवं असलं की ते आता स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत. प्रमिलाबाई धावत जात, हवं ते देत, आणि परत येऊन स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभ्या राहत. चमच्याचा त्यांना मनापासून राग होता. तो राग त्यांनी कुणाला सांगितला नाही, कारण आजारी माणसावर रागावणं बरं दिसत नाही.

त्यांचा मुलगा शिवराज कोंडापूरला राहायचा. नवराबायको दोघंही नोकरीला, तरी तो आठवड्यातून दोनतीनदा अख्खं शहर ओलांडून यायचा आणि येताना त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायचं. रिंग रोडपलीकडे एक शुश्रूषागृह त्यानं बघून ठेवलं होतं. तिथे नर्स आहेत, व्यायाम आहे, बाग आहे. बाबांनी तिथे राहायचं, आईनं त्याच्याकडे, आणि रविवारी सगळ्यांनी भेटायला जायचं. तो आईला म्हणाला, "बाबांना आपण कुठं आहोत, समोर कोण आहे हे समजत असतं तर मी हा विषयच काढला नसता. पण त्यांना काही समजत नाही आता, आई." प्रमिलाबाई त्याच्यावर चिडल्या. चिडायचं खरं कारण हे की रात्रंदिवस त्यांच्याही मनात तेच यायचं. चमचा वाजवताना हा माणूस कुणाला बोलावतो आहे, बायकोला की कुणालाही?

सुमित म्हणजे हिम्मतरावांचा पुतण्या. वय पंचेचाळिशीचं, काम कॉम्प्युटरचं, मराठी बोलायला फर्डं आणि वाचायला अडखळत. लहानपणी सुलतान बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचे क्लास चालत, तिथे काकांनीच त्याचं नाव घातलं होतं. तो तिथे शिकला कमी आणि खेळला जास्त. त्या काळच्या त्या खेळांत चित्र नसायचं, आवाज नसायचा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, की तुम्ही एका घरासमोर उभे आहात, उत्तरेला जंगल आहे, इथे एक कंदील आहे. मग आपण लिहायचं, कंदील घे. उत्तरेला जा. दार उघड. एवढ्यावर माणूस गुहा पालथ्या घालायचा, राक्षस मारायचा, खजिना आणायचा.

एका संध्याकाळी तो काकांजवळ बसला होता. काकांनी पेल्यावर चमचा वाजवला, काकी धावत आली, आणि सुमितच्या डोक्यात काहीतरी चमकलं. बाहेर जाताना तो काकीला म्हणाला, "काकी, त्या खेळात पूर्ण वाक्य बोलणारा माणूस अडकतो बघ. मशीनला दोनच शब्द कळतात. जास्ती बोललं तर म्हणते समजलं नाही." प्रमिलाबाई म्हणाल्या, असली मशीन तुझ्या काकांना तरुणपणीच भेटायला हवी होती.

सुमितनं तसला खेळ मराठीत बनवला. ऑफिसचं काम सांभाळून, सुट्टीच्या दिवशी पोरांची बोलणी खाऊन. सुरुवात नल्लकुंट्याच्या ह्याच घरातून, मग गल्ली, मग सुलतान बाजार, बेगम बाजार, आणि शेवटी झाडीतली एक पडकी बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. बावडीच्या तळाशी सोन्याच्या मोहरांची पेटी. वर तोंडाशी एक माकड, ते कुणाला उतरू देत नाही. युक्ती अशी की सुलतान बाजारातल्या गाडीवरचे जाम आणून माकडाला द्यायचे, मग ते बाजूला होतं. प्रमिलाबाईंनी त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारून दिले आणि सुमितनं लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवला. काकांनी बोलायचं, काकीनं टाइप करायचं, पडद्यावर येईल ते वाचून दाखवायचं. अट एकच. ते शब्द शोधत असले तरी आपण सुचवायचा नाही. गणिताच्या बाईंना ही अट फार जड गेली.

पहिल्या दिवशी हिम्मतरावांनी लॅपटॉपकडे त्या रंगीत पत्त्यांकडे बघावं तसं बघितलं. मग प्रमिलाबाईंनीच सुरुवात केली. पडद्यावर होतं, "तुम्ही तुमच्या घरात आहात. खुंटीला पिशवी आहे. कोनाड्यात कंदील आहे. पूर्वेचं दार बंद आहे. इथे कुणीच नाही." त्यांनी शाळेतल्या सवयीनं नीट लिहिलं, की कृपया पूर्वेकडचे दार उघडावे. मशीन म्हणाली, "समजलं नाही." त्यांनी लिहिलं, मला बाहेर जायचे असल्यामुळे दार उघडणे आवश्यक आहे. मशीन म्हणाली, "समजलं नाही." खुर्चीतून एक आवाज आला. हिम्मतराव हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण हसू जुनंच, समोरच्या वकिलाची फजिती झाली की यायचं ते. मग ते पुढे वाकले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "दार... उघड."

प्रमिलाबाईंनी टाइप केलं. दार उघडलं. शाब्बास कुणीही म्हटलं नाही. मशीननं फक्त सांगितलं की समोर गल्ली आहे आणि उन्हं कलली आहेत. हिम्मतरावांना ते फार आवडलं असावं, कारण संध्याकाळचा चहा झाला की ते आता स्वतःच काठीनं लॅपटॉप दाखवू लागले. कंदील घे. पिशवी घे. पूर्वेला जा. शब्द अडायचा, कधी भलताच यायचा, कपाळावर घाम यायचा. प्रमिलाबाई दातांखाली ओठ धरून गप्प बसायच्या. पण शब्द यायचा, आणि तो आला की दार उघडायचं, रस्ता सरकायचा, वस्तू हातात यायची. ज्या जगात दोन शब्द म्हणजे पूर्ण वाक्य होतं, तिथे हिम्मतराव पुन्हा चारचौघांसारखे हिंडत होते.

पण घोडं एका जागी अडलं. ते बावडीपर्यंत एकदा जाऊन आले, माकडाला बघून आले, सुलतान बाजारात जाऊन त्यांनी जाम घेतले, आणि मग बावडीकडे न जाता ते म्हणाले, "घर." घरी आल्यावर म्हणाले, "जाम दे." मशीननं विचारलं, "जाम कुणाला द्यायचे?" त्यावर त्यांनी थोडा वेळ ओठ हलवले आणि डाव्या हातानं लॅपटॉप मिटून टाकला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, फक्त लॅपटॉप मिटताना आवाज मोठा झाला. सुमितनं फोनवर ऐकलं आणि खेळात एक वाक्य वाढवलं, की माकड भुकेलं आहे आणि तुमच्या पिशवीकडे टक लावून बघतं आहे. काही फरक पडला नाही. की-बोर्डवर मान घालून एकेक अक्षर शोधणाऱ्या प्रमिलाबाई मनात म्हणायच्या, अहो, माकडाला द्या ना ते, एवढं साधं कसं कळत नाही. आणि मग त्यांना शिवराजचं बोलणं आठवायचं.

रविवारी सकाळी शिवराज आला. शुश्रूषागृहात एक खोली रिकामी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. सुमितही खेळ बघायला आला होता. प्रमिलाबाई मुलाला म्हणाल्या, जरा थांब, आधी बाबा काय करतात ते बघ. त्यांच्या आवाजात आर्जव होतं आणि ते त्यांना स्वतःलाच आवडलं नाही.

सुरुवात झकास झाली. दार उघड, पिशवी घे, पूर्वेला जा. शिवराज खुर्ची ओढून जवळ सरकला. वडिलांच्या तोंडून इतके शब्द त्यानं कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. सुलतान बाजार आला, गाडी आली, हिम्मतराव म्हणाले, "जाम घे." शिवराजनं सुमितकडे बघून मान हलवली. सुमितनं त्याला माकडाचं सांगून ठेवलं होतं. सगळे वाट बघत होते. हिम्मतराव म्हणाले, "घर."

"बाबा, घर नाही," शिवराज हळूच म्हणाला. "माकड बसलंय ना बावडीवर? भूक लागली त्याला. त्याला द्यायचे जाम."

"घर," हिम्मतराव म्हणाले.

प्रमिलाबाईंनी टाइप केलं आणि पडद्यावरचं वाचलं. "तुम्ही तुमच्या घरात आहात. कोनाड्यात कंदील आहे. इथे कुणीच नाही."

"जाम... दे."

"जाम कुणाला द्यायचे?"

शिवराज उठून खिडकीपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "बघितलंस ना, आई? मी काय म्हणत होतो." वाईट त्यालाही वाटत होतं, फक्त ते वाटून घ्यायला त्याच्याकडे आता वेळ उरला नव्हता.

मुलाला उत्तर द्यायला प्रमिलाबाईंनी मान वर केली आणि त्यांची नजर नवऱ्याकडे गेली. इतके दिवस ह्या प्रश्नाशी पोचलं की त्या अक्षरं शोधण्यात गुंतलेल्या असायच्या, त्यामुळे त्या वेळी नवऱ्याचा चेहरा कसा दिसतो हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. हिम्मतराव पडद्याकडे बघत नव्हते. ते प्रमिलाबाईंकडे बघत होते. ओठ हलत होते, आणि डावा हात मांडीवरून उचलला जाऊन त्यांच्या दिशेनं पुढे आला होता, तळवा वर, काहीतरी धरल्यासारखा.

आणि मग प्रमिलाबाईंना ते वाक्य ऐकू आलं, त्यांच्याच आवाजातलं. इथे कुणीच नाही. रोज संध्याकाळी हा माणूस बाजारहाट करून घरी येत होता, आणि रोज त्या स्वतः, शेजारी बसून, स्वच्छ शाळामास्तरणीच्या उच्चारांत त्याला वाचून दाखवत होत्या की घरात कुणीच नाही. त्यांना रडू आलं, पण त्याआधी राग आला, आणि तो सुमितवर निघाला.

"सुमित, ह्या घरात मी कुठं आहे?"

सुमित गोंधळला. "म्हणजे? काकी, ह्या खेळांत सुरुवातीचं घर रिकामंच असतं. कंदील उचलला तर हटकायला कुणी नको म्हणून."

"तू कंदील घातलास, पिशवी घातलीस, ती खुंटीसुद्धा घातलीस. आणि मला घातलं नाहीस?"

"जे लिहीत नाही ते तिथं नसतंच, काकी," सुमित म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं.

"मग लिही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आत्ता लिही. ते जाम माकडासाठी नाहीत, माझ्यासाठी आहेत."

शिवराज खिडकीतून वळला. त्यानं आईकडे बघितलं, बापाच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं, आणि तो परत येऊन बसला. लहानपणी त्या पिशवीतला पहिला जाम चोरल्याबद्दल त्यानंच मार खाल्ला होता. पहिला जाम आईचा असायचा.

सुमितनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तिथेच लिहायला बसला. स्वयंपाकघर वाढवलं, त्यात एक बाई उभी केली. मग त्याची बोटं थांबली. "नाव काय देऊ?" त्यानं विचारलं. "काका जे म्हणतील तेच इथं पाहिजे. नाही तर मशीन ओळखणार नाही."

उत्तर त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. शिवराजनं तोंड उघडलं. प्रमिलाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो गप्प झाला. त्यांनी स्वतः ओठ घट्ट मिटले. हा शब्द त्यांनी सुचवला असता तर काम झालं असतं, पण मग त्यांना जे कळायला हवं होतं ते कधीच कळलं नसतं. रोजच्यापेक्षा ती अट त्या दिवशी कितीतरी जड होती.

हिम्मतरावांनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, गळ्याची शीर तट्ट फुगली. "स," ते म्हणाले. मग भलताच शब्द आला, "साखर." त्यांनी मान जोरात हलवली. डावी मूठ मांडीवर आपटली. प्रमिलाबाईंच्या मनात आलं की नको, पुरे झालं, सोडून द्यावं. तेवढ्यात ते एकदम सरळ बसले, कोर्टात उभे राहायच्या आधी बसायचे तसे, आणि म्हणाले, "सरकार."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुमित लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, "नोंदवलं, वकीलसाब." आणि बराच वेळ नाक ओढत टाइप करत राहिला.

खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. हिम्मतराव गल्लीतून गेले, सुलतान बाजारात गेले, जाम घेतले आणि घरी आले. प्रमिलाबाईंनी पडद्यावरचं वाचलं, आणि आवाज कापू नये म्हणून एकेक शब्द मोजून वाचलं. "तुम्ही तुमच्या घरात आहात. कोनाड्यात कंदील आहे. सरकार इथेच आहेत."

"जाम दे."

"जाम कुणाला द्यायचे?"

"सर... सरकारला."

"सरकारनी जाम घेतले. उशीर झाला म्हणून त्या थोड्या रागावल्या आहेत." हे सुमितनं स्वतःच्या मनानं घातलं होतं. हिम्मतराव हसले. मग ते अजून पुढे वाकले आणि एकेक शब्द ढकलत म्हणाले, "मीठ... घे."

"इथे मीठ दिसत नाही," मशीननं उत्तर दिलं. सुमित मीठ घालायला विसरला होता.

शिवराज हसायला लागला आणि हसता हसता त्यानं तळहातानं डोळे पुसले. मग उठून खुंटीवरची पिशवी काढली, खरीखुरी. आईनं विचारलं, निघालास कुठं. तो म्हणाला, खाली गाडी दिसली होती, बघतो जाम आहेत का. दाराशी चप्पल घालताना तो तसाच थांबला आणि म्हणाला, "आई, त्या लोकांना मी नाही म्हणून सांगतो. बाबा इथंच राहतील. दिवसा कुणीतरी माणूस ठेवू, बाकीचं बघू आपण." सुमित म्हणाला, मी पण येतो, निवडायची अक्कल तुला नाही. दोघं भाऊ जिना उतरून गेले.

प्रमिलाबाई स्वयंपाकघरात आल्या. मिठाची बरणी काढली, तिखटाचा डबा काढला, एका वाटीत दोन्ही कालवलं, आणि मग ओट्याला टेकून मनसोक्त रडल्या. शुश्रूषागृहाच्या भीतीनं इतके दिवस अडवून धरलेलं रडू होतं, ते लवकर आवरेना.

बाहेरून आवाज आला. पेल्यावर चमचा. टिंग, टिंग.

त्यांनी डोळे पुसले, पण जागच्या हलल्या नाहीत. चमचा पुन्हा वाजला. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात वाटी घेऊन, दाराकडे पाठ करून. हे आपण आजारी माणसाशी करतो आहोत ह्याची त्यांना लाज वाटली, तरीही त्या हलल्या नाहीत. मग चमचा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. नंतर बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, जड वस्तू जिन्यावरून चढवताना लागतो तसा.

"सरकार."

"आले," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि मीठ घेऊन बाहेर गेल्या.